बारा हातांचा दोर

शके अठराशे चौतीसचा वैशाख होता. कोळेगावात हैबती नावाचा एक गवंडी राहत असे. घरी एकटा, जेवायला एकटा. कामावर मात्र तान्हूबाई आणि तिचा नवरा राणबा वीस वर्षे त्याच्या सोबतीला होते.

इमारतीच्या पायाचा कोपरा काटकोनात आणायला हैबती बारा हातांचा दोर वापरी. तीन, चार आणि पाच हातांच्या अंतराने गाठी. तिघांनी एकेक गाठ धरून दोर ताणला की कोपरा बिनचूक येई.

धर्मशाळेचा पाया आखताना तान्हूबाईने विचारले, "मेस्त्री, तिरकी बाजू पाचच का?"

"तू गाठ धर. डोकं चालवायला मी आहे."

तान्हूबाईने गाठ सोडली. "मग डोक्यालाच धरायला लावा," ती म्हणाली आणि राणबाला घेऊन घरी गेली.

हैबतीच्या हाताखाली दुसरे कोणी टिकेना. महिना गेला. दोर खुंटीवर लोंबत राहिला, धर्मशाळेचा पाया तसाच पडून राहिला. दिवसभरात त्याच्याशी कोणी बोलत नसे. तान्हूबाईचा प्रश्न तेवढा बोले. आणि उत्तर त्यालाही ठाऊक नव्हते.

एका दुपारी त्याने कोळशाने फरशीवर सात विती लांब रेघ ओढली. तिच्या एका टोकाला तीन विती उंच रेघ उभी केली, दुसऱ्या टोकाला चार विती. दोन्हींची टोके जोडली. एकीकडे अरुंद, एकीकडे रुंद, अशा शेताची आकृती झाली. अशा शेताची मोजणी त्याला येत होती. तीन आणि चार सात, निम्मे साडेतीन, गुणिले मधले अंतर सात. साडेचोवीस.

मग खालच्या रेघेवर चार विती मोजून खूण केली. तीन वितींच्या उभ्या रेघेपासून चार. तिथून दोन्ही वरच्या टोकांना तिरक्या रेघा नेल्या. कडेला दोन सारखे त्रिकोण झाले, मोजणी प्रत्येकी सहा. मधल्याला उरले साडेबारा. मधल्याच्या खुणेवरच्या कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला. काटकोन. दोन्ही बाजू त्याच तिरक्या, सारख्या लांबीच्या रेघा. म्हणजे तो तिरक्या रेघेवरच्या चौरसाचा अर्धा भाग. पुरा चौरस पंचवीस. बाजू पाच.

हैबतीने कोळसा खाली ठेवला. दाखवायला घरात कोणी नव्हते.

तो तान्हूबाईच्या अंगणात गेला. कोळशाने तीच आकृती काढली आणि एकेक हिशेब सांगितला.

"एवढ्याला महिना लागला, मेस्त्री?"

"मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही हे म्हणवलं नाही."

तान्हूबाईने आकृती पुन्हा एकदा नीट पाहिली. "पटलं," ती म्हणाली.

हैबतीने हात झटकले आणि कामावर परत या असे न म्हणता तो आपल्या वाटेने निघून गेला.

तात्पर्य: आपले अज्ञान झाकायला जो विचारणाऱ्याला गप्प करतो, तो सोबत गमावतो, म्हणून उत्तराचे देणे उशिरा का होईना, स्वतः जाऊन द्यावे.