ओळंबा आणि वळलेली भिंत

फार मागची गोष्ट, शहराने कात टाकायला घेतली तेव्हाची. बंद पडलेल्या गिरणीच्या जागी हॉटेल उभं राहत होतं, आणि भिकाजी मिस्त्रींच्या पिशवीतला, दोरीला लटकून भिंत ताठ उभी आहे की कललेली ते सांगणारा पितळी ओळंबा फणफणत होता.

"अशी भिंत असते होय?" भिंत नीट सरळ येता येता जुन्या उंबराजवळ वळली होती.

"मला तर टेकायलाच जागा नाही," लोखंडी गुण्या म्हणाला. जन्मभर काटकोन तपासलेला तो. "उंबर तोडला की होईल सरळ."

मिस्त्रींचंही तेच मत. "बाई, गुण्या बसत नाही. भिंत पाडू, झाड काढू."

आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "आधी ओळंबा सोडा, मिस्त्री. तो सांगेल ते ऐकेन."

ओळंब्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता दाखवतोच हिचा वाकडेपणा! दोरी सुटली, तो खाली आला, डोलला आणि भिंतीला अलगद टेकला. मिस्त्रींनी त्याला हातभर पुढे सरकवलं, मग आणखी पुढे, वळणाच्या पार टोकापर्यंत. कुठेही केसाएवढा फरक नाही.

"काय रे, पाडायची ना?" गुण्याने विचारलं.

"गप बस," ओळंबा हळूच म्हणाला. "चाळीस वर्षं भिंती बघतोय. झाडाला जागा देऊनही इतकी ताठ उभी राहिलेली ही पहिलीच."

मिस्त्रींनी घमेलं पालथं घातलं, उंबराच्या सावलीत त्यावर बसले आणि भाकरीचं फडकं सोडलं.