डावीकडे चाललेले हंस

गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीवर विजितसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या कुळात जन्मला होता. लाकडी ठसा मंजिष्ठेच्या लाल रंगात बुडवून तो वस्त्रांचे काठ छापीत असे.

त्या नगरीत स्त्रियांच्या वस्त्राच्या काठावर हंसांची ओळ असे. सुवासिनींचे हंस उजवीकडे चाललेले, विधवांचे डावीकडे. असे का, ते कोणालाच नीट सांगता येत नसे. कोणी म्हणे ही देवीची आज्ञा, कोणी म्हणे ही सूर्याची वाट. विचारणाऱ्या मुलींना थोर माणसे गप्प बसवीत, आणि त्यालाच उत्तर म्हणत.

एका वसंतात सुवासिनींच्या हंसांचा जुना ठसा वाळवीने खाल्ला. रंगाऱ्यांच्या श्रेणीतील, म्हणजे व्यवसायमंडळातील, वृद्धांनी तो विधिपूर्वक नदीत सोडला आणि नवा ठसा कोरण्याचे काम सोमिला नावाच्या विधवेला दिले. नवऱ्यामागे ती कमळे आणि टिंबे कोरून पोट भरीत होती. कमळ ठशावर जसे, तसेच वस्त्रावर दिसते. हंस तिने कधी कोरला नव्हता. श्रेणीप्रमुख धनदत्ताने तिच्यापुढे एक जुने वस्त्र टाकले आणि बजावले, "यावर आहे तसाच कोर. केसाचाही फरक करू नकोस. विचार आम्ही केलेला आहे."

सोमिलेने निष्ठेने तसाच कोरला. त्या ठशाने बोधिसत्त्वाने नऊ नववधूंची वस्त्रे छापली. काठाची रेषा वाकडी होऊ नये, एवढ्यावरच त्याचे लक्ष होते. वस्त्रे नदीच्या वाळवंटात सुकायला पसरली, तेव्हा सगळे हंस डावीकडे चालले होते.

नगरीत गोंधळ माजला. नऊही मुली आता विधवा होणार, असे कोणी म्हणाले. वस्त्रे नेसलीच नाहीत तर होणार नाहीत, असे दुसऱ्याचे मत पडले. वस्त्रे उलटी नेसावीत, असे तिसऱ्याने सुचवले. रंग आरपार उतरला होता आणि मागून पाहिले तर हंस उजवीकडेच जात होते. हे सर्वांना पटले. इतक्यात एका म्हाताऱ्या विधवेने विचारले, मग आम्ही आमची उलटी नेसली तर आमचे काय होईल?

बोलण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा वृद्धांना दोषी माणूस हवा झाला. सोमिलेने सुवासिनींच्या मत्सराने हे केले, असे ठरत आले. तिची अवजारे नदीत टाकून तिला वेशीबाहेर घालवायचे होते. फक्त साक्ष हवी होती. धनदत्ताने बोधिसत्त्वाला बाजूला नेले.

"ठसा देताना ती हसली, एवढेच सांग, बाळा. माझ्यामागे हे आसन तुझेच आहे."

बोधिसत्त्व घरी येऊन ठसा हातात घेऊन बसला. चूक कशी झाली ते त्याला उमगले होते. पुढचे मात्र काहीच उमगत नव्हते. देव काठ पाहत असतील तर कोणत्या बाजूने पाहत असतील? आणि नियम खराच असला तर? नऊ वधूंमध्ये त्याची धाकटी बहीण उत्पला होती. तो ठसा फिरवून फिरवून पाही, आणि त्याचे मन जास्तच गोंधळे.

"दादा, काही कळले का?" उत्पलेने विचारले.

"नाही."

"मग तसेच सांग ना. आजवर एकानेही सांगितलेले नाही."

दुसऱ्या दिवशी सभेत बोधिसत्त्व म्हणाला, "हंस कुठे वळला म्हणजे नवरा जगतो, हे मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल, असेही वाटत नाही. मला एवढेच कळते, की ठशावर उजवीकडे जाणारा हंस वस्त्रावर डावीकडे जातो. हे तिला कोणी सांगितले नाही. तुम्ही 'तसाच कोर' म्हणालात, तिने तसाच कोरला. छापताना मीही पाहिले नाही. तिची अवजारे बुडवणार असाल तर माझे रंगाचे कुंडही फोडा."

सभेत दोन तट पडले, मग चार. त्या गलक्यात उत्पलेने सभेपुढे रचलेल्या त्या नऊ वस्त्रांच्या ढिगातले एक उचलून अंगाभोवती घेतले आणि ती घरी निघून गेली. निर्णय झाला नाही, म्हणून शिक्षाही झाली नाही. आसन दुसऱ्याला मिळाले.

उरलेल्या आठ जणींसाठी सोमिलेनेच दुसरा ठसा कोरला, या वेळी समजून. त्या वर्षी साथ आली आणि त्यांतल्या दोघी विधवा झाल्या. उलटे हंस डोळ्यांनी पाहिल्याचे हे फळ, असे वृद्ध म्हणाले. उत्पलेचा नवरा केस पांढरे होईपर्यंत जगला. त्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत. पण मुली पाहत होत्या. एकेक जण सोमिलेकडे येऊन हळूच डावीकडचे हंस मागू लागली. दोन पिढ्यांनी त्या नगरीतले वृद्ध उजवीकडचे हंस नेसणाऱ्या मुलींना रागावत. सुवासिनीचा हंस डावीकडे जावा, ही देवीची आज्ञा असल्याचे सांगत.

एवढे सांगून शास्ता, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे ते वृद्ध म्हणजे चीवराची, भिक्षूच्या वस्त्राची, शिवण कोणत्या खांद्यावर यावी म्हणून सकाळपासून भांडणारे तुमच्यातलेच स्थविर. सोमिला म्हणजे ती शिवण चुकली म्हणून तुम्ही जिला संघाबाहेर काढू पाहता, ती भिक्षुणी. उत्पला म्हणजे तिच्या बाजूने एकटी उभी राहिलेली सुवीरा. आणि तो रंगारी मी होतो. न कळलेले न कळले असे म्हणणे, हीही सत्यपारमिता, सत्याची पूर्णताच आहे."