मोराचा फोटो कुणाचा?

फार पूर्वी, माणसाच्या हाती यायच्या आधी कॅमेरा जनावरांकडे होता, तेव्हाची ही गोष्ट.

झिपरी खारीने तीन दिवस जांभळीवर दबा धरून नाचत्या मोराचा फोटो काढला. त्यात पिसाऱ्यातून ऊन असं झिरपत होतं की अख्खं जंगल वेडं झालं. मोराने मात्र तो फोटो वडाला टांगला आणि खाली स्वतःचंच नाव लिहिलं.

"मोरदादा, फोटो मी काढलाय," झिपरी रडवेली होऊन म्हणाली.

"पिसारा माझा, नाच माझा. तू नुसती कळ दाबलीस!"

"मग आता तुम्ही दाबा," असं म्हणत तिने कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला.

मोराने ऐटीत हत्तीचा फोटो काढला, तर त्यात नुसती शेपटी आली. सशाचा काढला, तर एकच कान. स्वतःचा काढला, तर चोचीवरच्या नाकाच्या भोकाशिवाय काहीच दिसेना! माकडं हसून हसून फांदीवरून पडली. हत्तीला उचक्या लागल्या. शेवटी मोरालाही हसू आवरेना.

त्याने आपलं नाव खोडून झिपरीचं लिहिलं. मग मान खाली घालून हळूच विचारलं, "झिपरे, पुढच्या वेळी ऊन कुठल्या बाजूला असताना नाचू?"