लेकीआधी उभा राहिलेला दगड

उंच मक्याच्या आणि पांढऱ्या चुनखडीच्या माया मुलखात, फार वर्षांपूर्वी, साक मुवान नावाचा राजा होऊन गेला. त्याचं होल्तून गाव लहान. उत्तरेला बलाढ्य नाबतून, दक्षिणेला तितकंच बलाढ्य चेनाल. होल्तून म्हणजे पाट्या-वरवंट्यात सापडलेला मक्याचा दाणा.

साक मुवानने एकुलती एक लेक, इश सासिल, नाबतूनच्या राजपुत्राला दिली. सोयरीक झाली म्हणून दोन्ही गावांनी आपापल्या टोकाकडून चुन्याचा पांढरा रस्ता बांधत आणला. एका जुन्या सावरीच्या झाडापाशी टोकं जुळली. त्या रस्त्याने पहिली सासिल चालत गेली. ती गेली तिथे चुना दिवसभर ऊबदार राहिला, असं म्हणतात.

पुढे नाबतूनची भूक वाढली. आज कोकोच्या बिया, उद्या पिसं, परवा लढाईला तरणी माणसं. मग चेनालचा दूत आला. म्हणाला, "त्यांना सोडा. आमच्याकडे या. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही." राजाने मान डोलावली.

पण तिथली रीत अशी, की तोंडचा शब्द धरत नसत. नव्या सोयऱ्याचं नाव शिळेवर कोरायचं, आणि वर्षांचा मोठा फेरा पुरा होईल त्याच दिवशी ती उभी करायची. तो दिवस चुकला तर पुढचा येईपर्यंत पाळण्यातली पोरं बाप होत.

दिवस आला. शिळेला बांधलेले दोर आवळले. राजाची थोरली बहीण, इश चुवेन, पुढे झाली.

"सासिल कुठंय?"

"माणसं गेलीत आणायला, अक्का."

"गेलीत ते ठाऊक आहे. आलीत का?"

"दगड थांबत नाही."

"आणि नाबतूनवाले थांबतील? दगड उभा राहून शंख वाजला की त्यांना कळणार, आणि पोर अजून त्यांच्या हातात आहे. डोक्यात पिसं खोवली म्हणून अक्कल येत नाही, मुवान!"

इतक्यात धापा टाकत एक जासूद धावत आला. "सासिलताई सावरीजवळ पोचल्यात. पोटुशी आहेत, चाल मंद आहे. म्हणाल्या, बाबांना सांगा, मी येईपर्यंत थांबा."

राजाने रस्त्याकडे पाहिलं. मग सूर्याकडे पाहिलं. चेनालचा दूत त्याच्याकडेच बघत होता. साक मुवानने हात वर केला.

दगड उभा राहिला. शंख वाजले. तो नाद पांढऱ्या रस्त्यावरून पाण्यासारखा वाहत नाबतूनपर्यंत गेला, असं म्हणतात.

राजा स्वतः सावरीकडे धावला. तिथे रस्ता संपला होता. पलीकडचा चुना जंगलाने गिळला होता, सकाळी जिथे वाट होती तिथे जाड बुंधे उभे होते. कोणी म्हणतात, नाबतूनच्या माणसांनी तिला ओढून नेलं. कोणी म्हणतात, दोन्ही गावांनी टाकलेल्या पोरीला जंगलाने पोटात घेतलं. साक मुवानने हाका मारल्या. ओ आली नाही.

चेनालनेही पुढे शब्द मोडला. त्याचं राजाला काहीच वाटलं नाही. तो रोज गारगोटी घेऊन दगडावरचं चेनालचं नाव खरवडायचा. सकाळी नाव पुन्हा तसंच कोरलेलं असायचं. तो म्हातारा झाला, बोटं झिजली, नाव झिजलं नाही, असं म्हणतात. मरताना चुवेनचा हात धरून एवढंच बोलला, "एक दिवस होता गं अक्का. चुकला असता तर चुकला असता."

होल्तूनचं राज्य कधीच गेलं. तिथे आता साधी शेतकरी माणसं राहतात. घर बांधायला काढलं की साक मुवानचं नाव घेतात, आणि परगावी दिलेल्या लेकीला आणायला जातात. मुहूर्त टळला तरी चालतो. पाऊस तोंडावर आला तरी चालतो. ती दारात येऊन उभी राहीपर्यंत पहिल्या दगडाला कोणी हात लावत नाही.