कोठारातला रथ

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार जुन्या काळची आहे.

एका नगरात मिरी विकणारा एक व्यापारी राहत होता. त्याने एकदा शर्यतीचा एक जुना रथ विकत घेतला. तो घडवणारा कारागीर वारला होता, तसा रथ पुन्हा होणार नव्हता. व्यापाऱ्याने विचार केला, आज हा महाग वाटतोय, पण म्हातारपणी विकला तर बसून खाता येईल.

रथ कोठारात गेला. व्यापारी स्वतः चाकांना तेल द्यायचा, चामड्याचे पट्टे पुसून मऊ ठेवायचा. घोडे मात्र त्याने कधीच जुंपले नाहीत. नवी नवरी असताना बायको म्हणाली होती, एकदा तरी यातून फिरवून आणा.

"झिजेल गं," तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही.

दोघांचे केस पांढरे झाले. एके दुपारी दूरच्या राणीचा सारथी रथ पाहायला आला. व्यापाऱ्याने मागितली ती किंमत त्याने कबूल केली. अट एकच, रथ धावून दाखवायला हवा. रथ नीट धावला की तो तुमचा, असा व्यापाऱ्याने शब्द दिला. सारथ्याने घोडे जुंपले, आणि नवराबायको मागे कठडा धरून उभे राहिले.

वेशीबाहेर लगाम सैल सुटले आणि रथ सुसाट निघाला. खडखडाट नाही, धक्का नाही. चाकांतून नुसता एक बारीक सूर निघत होता. दोन्ही बाजूंची शेतं हिरव्या पाण्यासारखी वाहत होती. वळणावर रथ घारीसारखा झुकला. टेकडी ओलांडली आणि समोर एकदम समुद्र उघडला. बायकोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. तिला असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"हे सगळं आपल्या कोठारात होतं?" तिने हळूच विचारलं.

घरी पोचताच व्यापाऱ्याने सारथ्याला विनवलं, रथ राहू दे.

"शेटजी, आपण शब्द दिलाय," सारथी नम्रपणे म्हणाला.

रथ गेला. पेटी मोहरांनी भरली आणि ठरवलं होतं तसंच म्हातारपण सुखात गेलं. पण संध्याकाळी दोघं दाराशी बसली, की त्या दुपारबद्दलच बोलत. एवढ्या आयुष्यात त्या रथाची तेवढी एकच दुपार त्यांच्या वाट्याला आली होती.

म्हणून एवढं लक्षात ठेवा: नुसती जपलेली वस्तू मालकीची असते, अनुभवलेली तेवढीच आपली होते.