गोळीला दिसलेलं पिठलं

"हे काय आहे, ओळखा बघू?"

डॉक्टर सुलक्षणाने लॅपटॉप केदारगिरी महाराजांच्या पुढ्यात आदळला. पडद्यावर पिवळट चिखल होता.

महाराजांनी निरखून पाहिलं. "पिठलं."

"पिठलंच! तुमच्या आतड्यातलं. रक्त कुठून जातंय ते शोधायला कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली होती मी. आठ तास फोटो काढले तिने. सगळे पिठल्याचे. त्याआधीच्या गोळीने प्रसादाचा शिरा दाखवला. उपाशी राहा म्हटलं होतं ना?"

"राहिलो होतो की. मग गावातल्या धोंडाबाईने पिठलं आणलं."

टेकडीवरच्या त्या मठाचा नेम असा, की कुणी पुढे केलेला घास परतवायचा नाही. चाळीस वर्षं महाराजांनी तो पाळला. म्हातारी माणसं हट्टालाही व्रत म्हणतात.

तोंडातून नळी घालून झाली, खालून झाली. मधल्या आतड्यात कुठेतरी रक्त झिरपत होतं, तिथवर नळी पोचत नव्हती. महाराज पांढरेफटक पडले होते. दोन पायऱ्या चढले की बसायचे.

चार थोरले शिष्य भिंतीला टेकून सांगायचे, "महाराजांना सगळं ठाऊक आहे." गुरू संपत चालला होता आणि हे माना डोलवत होते.

सुलक्षणा लहानपणी याच मठात शिकली होती. तिने महाराजांच्या कमरेला फोटो टिपणाऱ्या यंत्राचा पट्टा आवळला.

"ही तिसरी गोळी. चौथी मागायला मला तोंड नाही. काल संध्याकाळपासून काही खाल्लंत?"

"कुणी आणलंच नाही."

"आणि 'आत पाहायला गोळी कशाला' हे प्रवचन सुरू केलंत, तर मी चालले."

"नाही करत."

तेवढ्यात तुळशीराम गुराखी पायऱ्या चढून आला. फडक्यातलं गरम धपाटं त्याने पुढे केलं.

महाराजांचा हात उठला.

"झालं!" सुलक्षणा ओरडली. "खा! मरा! पण याला दया म्हणू नका, महाराज. लोक म्हणतात ना, महाराज कुणाला नाही म्हणत नाहीत... तेवढं ऐकायला मिळावं म्हणून खाताय तुम्ही."

एक शिष्य ताडकन उठला. "जीभ आवर, बाई!"

महाराजांनी त्याला हातानेच खाली बसवलं.



मग महाराजांनी फडकं धपाट्यावर दुमडलं आणि तुळशीरामाकडे सरकवलं.

"आज नको, तुळशीराम."

शिष्यांचे चेहरे उतरले. आता आभाळच कोसळणार, असे ते तुळशीरामाकडे बघत होते.

"नको?" तुळशीरामाने डोकं खाजवलं. "बरं. मग मीच खातो. सकाळपासून पोटात काही नाही बघा."

आणि तो तिथेच पायरीवर बसून खाऊ लागला.

महाराज त्याला पाहत राहिले. तुळशीरामाने शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात धोतराला पुसले आणि गुरांना हाका घालत तो उतरून गेला. एकदाही मागे न बघता.

"महाराज..." सुलक्षणाचा आवाज खाली आला होता. "गोळी..."

महाराजांनी तळहात पुढे केला.

"आण. मोठं दुखणं सापडलं... आता बारकं शोधू."