गार राखेचा वसा

ऐका अग्निदेवा, आवळीखाली मांडलेल्या चुलीची कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. तिथं एक राजा होता, त्याला कमळजा नावाची राणी होती. कार्तिक महिना आला, आवळीभोजनाचा दिवस आला. मग राणी नगरातल्या बायका घेऊन डोंगरावर गेली. आवळीची पूजा केली, तीन दगडांची चूल मांडली, खीरपुरी रांधली, पंगती उठल्या. दासी म्हणाली, चुलीत विस्तव आहे. राणी म्हणाली, विझेल आपला आपण. नि पालखीत बसली.

मग वारा सुटला. गवत जळलं, झुडपं जळली, आवळी जळली. गुरांना चारा उरला नाही. लोकांनी ती परमुलखात नेली. वेशीतून गाई हंबरत गेल्या, त्या राणीनं पाहिल्या. कुणी बोल लावला नाही, पण तिला अन्न गोड लागेना.

मग राणी एकटी काळ्या डोंगरावर गेली. तिथं एक बाई बसली होती. राणीनं विचारलं, “बाई बाई, तुमचा पदर कुणी जाळला?”

“तुझ्या चुलीनं.”

ती वनदेवी होती. राणीनं पाय धरले. मग देवीनं वसा सांगितला. रानात चूल मांडावी, तर भोवतालचं गवत काढावं. जवळ भरली घागर ठेवावी. निघताना विस्तवावर पाणी ओतावं, राख ढवळावी, पुन्हा ओतावं. वर तळहात धरावा, ऊब लागली नाही तर राखेला टेकवावा. गार लागेल तेव्हाच उठावं. राणी म्हणाली, घेतला वसा सोडणार नाही.

पाऊस पडला, डोंगर हिरवा झाला, आवळी पालवली, गुरं परतली. कार्तिकात राणी बायका घेऊन पुन्हा वर गेली, संगं राजा गेला. जेवणं झाली, वारा उठला. राजानं पहिली हाक मारली, राणी पाणी ओतत होती. दुसरी हाक मारली, राख ढवळत होती. तिसरी हाक मारली, तिचा तळहात राखेवर होता. राख अजून कोमट होती. राणी उठली नाही. राजा रागावून पालखीतून निघून गेला. राणीनं झऱ्याची आणखी एक घागर आणली.

वाटेत धुळीचे लोट उठले. राजाला गेलं साल आठवलं. त्यानं वळून पाहिलं. धूर नाही, जाळ नाही, वाळल्या गवतासकट डोंगर जागच्या जागी. मग तो वेशीशी उतरून उभा राहिला. राणी बायकांसंगं पायी आली. हात कोपरापर्यंत काळे. राजानं हात धुवायला पाणी मागवलं.

राणी म्हणाली, “राहू दे महाराज. आज हे हात नगरातून मिरवत न्यायचे आहेत.”

मग राजानं पालखी रिकामी पुढं धाडली, नि तिच्या बरोबरीनं चालू लागला.

जशी वनदेवी राणीला पावली, जशी तिची मान ताठ राहिली, तशी तुम्हां आम्हां पावो, तशी तुमची आमची राहो. ही पुष्कळा बोलांची कहाणी थोडक्या बोलांत फळली, पुरी झाली.